स्कूबा शिकवताना साहित्य विकण्याचा दबाव: एका नव्या इन्स्ट्रक्टरच्या प्रश्नाला उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. यंदा तुम्ही इन्स्ट्रक्टरची परीक्षा पास झालात आणि पुण्यातल्या एका डाइव्ह शॉपमध्ये लागलात. थिअरी आणि स्विमिंग पूलचे सेशन पुण्यात, समुद्रातले डाइव्ह कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाजवळ किंवा अंदमानात. पगार बेताचा, बाकीचं साहित्याच्या कमिशनमधून भागवायचं. मालकांचा आग्रह असा की ओपन वॉटरच्या, म्हणजे पहिल्या पातळीच्या कोर्सच्या, प्रत्येक विद्यार्थ्याने निदान मास्क, स्नॉर्कल आणि फिन्स घ्यावेत, आणि दर बॅचमागे एखादा तरी फुल सेट, म्हणजे सिलिंडरमधली हवा तोंडात देणाऱ्या रेग्युलेटरसकट सगळं साहित्य, जावा. आत्ताच्या बॅचमध्ये दोघांवर त्यांची नजर आहे. एक आयटीतल्या ताई, ज्या वर्षाकाठी एकदा अंदमानला जाईन म्हणतात; दुसरा मुलगा नोकरीसाठी जर्मनीला निघालाय. हे विकणं चूक आहे का आणि नोकरी सोडावी का, असं तुम्ही विचारलंय.

मी अंदमानात आणि कोकण किनाऱ्यावर बरीच वर्षं शिकवतोय. कमिशनवर चालणाऱ्या शॉपमध्येही काम केलंय आणि नुसत्या पगारावरही. त्या अनुभवातून लिहितो.

पहिली गोष्ट, विकण्यात चूक काही नाही. डाइव्ह शॉप हे दुकानच आहे. ज्याला साहित्य कळतं अशा माणसाने चेहरा बघून, दहा मास्क लावून बघून एक विकला, तर तो ऑनलाइन फोटो बघून घेतलेल्या मास्कपेक्षा शंभरदा बरा. अडचण वेगळ्या ठिकाणी आहे. विद्यार्थ्याला तुमच्या बोलण्यातलं कुठलं वाक्य त्याच्या जिवासाठी आहे आणि कुठलं दुकानासाठी, हे ओळखायचा काहीच मार्ग नसतो.

पुलाच्या पहिल्या दिवशी आपण सांगतो, श्वास कधीही रोखायचा नाही. कारणही सांगतो: दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, तिथे भरलेली छाती तशीच धरून वर आलात तर आतली हवा दुप्पट व्हायला बघते आणि फुप्फुसाला इजा होते. विद्यार्थी हे पडताळून बघू शकत नाही. तो विश्वास ठेवतो, ठेवायलाच हवा. मग त्याच आवाजात, त्याच टी-शर्टमध्ये आपण म्हणतो, 'स्वतःचा रेग्युलेटर असलेला बरा, भाड्याच्याचा भरवसा नाही.' तो हेही तितक्याच विश्वासाने ऐकतो. ज्या डॉक्टरचं औषधाचं दुकानही आहे त्याच्या चिठ्ठीसारखं हे होतं; औषध खरंच लागत असेलही, पण रोग्याला ते कळायला वाव राहत नाही.

आणि हा विश्वास आपल्याला पुढे लागणार असतो. तिसऱ्या-चौथ्या डाइव्हला आपण अठरा मीटरपर्यंत जातो. तिथे कुणाच्या मास्कमध्ये पाणी शिरलं, डोळे मोठे झाले, हात वरच्या दिशेने जायला लागले, की आपण बोटं आपल्या डोळ्यांकडे नेऊन एकच खूण करतो: माझ्याकडे बघ. त्या क्षणी त्याने वाद न घालता ऐकावं म्हणून आधीचे सगळे दिवस आपण आपला शब्द जपलेला असतो. 'हा माणूस आपल्याला गंडवतोय की काय' ही शंका हॉटेलच्या खोलीत एकदा मनात आली, की ती बोटीवरही येते. माझ्या लेखी विक्रीच्या दबावातला सगळ्यात मोठा तोटा हा आहे. पैशाचं नुकसान त्याच्यानंतर.

आता मालकांची बाजूही बघा, कारण त्यांच्याशी बोलायचं तर ती कळायला हवी. शहरातल्या शॉपचं गणित अवघड असतं. पुलाचं भाडं, कंप्रेसरची देखभाल, सिलिंडरच्या चाचण्या, सर्टिफिकेट देणाऱ्या एजन्सीची फी, तुमचा पगार. जूनपासून पश्चिम किनारा बंद. त्यात शेजारचं शॉप कोर्स हजार-दोन हजारांनी स्वस्त लावतं, मग यांनाही उतरावं लागतं. कोर्सवर फारसं काही सुटत नाही म्हणून साहित्यावर काढायचं. मालवणला हा प्रकार जवळपास नाही, कारण तिथे येणारा पर्यटक सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ एकदा पाण्याखाली जाऊन घरी जातो. त्याला रेग्युलेटर कोण विकणार? तिथे फोटो आणि व्हिडिओचा आग्रह असतो. म्हणजे जिथे शिकवण्याचे पैसे कमी घेतले जातात तिथे उरलेले दुसरीकडून निघतात. मालकांची अडचण खरी आहे, पण तिचा भार विद्यार्थ्याच्या अज्ञानावर टाकला जातोय.

कुणी काय विकत घ्यावं हे बऱ्याच अंशी त्या माणसावर अवलंबून आहे: तो कुठे डाइव्ह करणार, वर्षातून किती, चष्मा आहे का, अंगकाठी कशी. तरी काही गोष्टी मी जवळपास प्रत्येकाला सारख्याच सांगतो.

मास्क स्वतःचा असावा. हे मी कोर्स सुरू व्हायच्या आधीही सांगतो आणि तेव्हा मला अजिबात संकोच वाटत नाही. कारण नवख्या माणसाची पाण्याखालची निम्मी घबराट गळक्या मास्कमधून येते. बघायची रीत सगळ्यांना माहीत आहे, पण घाईत कुणी नीट करत नाही. पट्टा मागे टाका, मास्क नुसता चेहऱ्यावर टेकवा, केस बाजूला, नाकाने हलका श्वास ओढा आणि हात सोडा. मास्क चिकटून राहिला पाहिजे. मग तसाच ठेवून रेग्युलेटरचा माउथपीस तोंडात धरायला सांगा, कारण ओठ पुढे आले की नाकाखालची घडी बदलते आणि दुकानात बसलेला मास्क पाण्यात गळतो. मिशी असेल तर नाकाच्या लगेच खालची पट्टी थोडी बारीक करायला सांगा. आपल्याकडे पुष्कळ पुरुषांची गळती तिथेच असते. चष्मा असेल तर नंबरच्या काचा बसणारा मास्क दाखवा. साधारण उणे नंबरच्या तयार काचा अर्ध्या-अर्ध्या नंबराच्या टप्प्यांत मिळतात. आणि काचेवरचा कारखान्यातला पातळ थर टूथपेस्टने चोळून काढून द्या, स्वतःच्या हाताने, विद्यार्थ्यासमोर. न काढलेला मास्क पहिल्याच डाइव्हला धुक्यासारखा होतो आणि त्याला वाटतं आपल्यालाच जमत नाही. यात सगळ्यात महाग मास्क घ्यायची गरज नसते. बसतो तो चांगला.

स्नॉर्कलवर वेळ घालवू नका, साधा चालतो.

फिन्स घ्यायच्या की नाहीत हे पायावर ठरतं. भाड्याच्या फिन्समध्ये टाच घासली जात असेल किंवा पाय फार लहान-मोठा असेल तर घ्याव्यात. नाहीतर थांबलं तरी बिघडत नाही. विमानाने जाणाऱ्याला लांब फिन्स बॅगेत मावत नाहीत, आणि देशातल्या बऱ्याच विमानांत पंधरा किलोंची मर्यादा असते, हे विकताना सांगावं. घरी गेल्यावर कळतं तेव्हा राग आपल्यावर येतो.

वेटसूटचं वेगळं आहे. अंदमानच्या पाण्यात, जिथे तापमान अठ्ठावीस-एकोणतीस अंशांच्या आसपास असतं, तीन मिलिमीटरचा भाड्याचा सूट बहुतेकांना पुरतो. पण ज्यांच्या मापाचा सूट भाड्याच्या रांगेत नसतो, फार बारीक बाया किंवा फार धिप्पाड पुरुष, त्यांना स्वतःचा घ्यायला सांगणं योग्य. सैल सूटमध्ये पाणी सतत आत-बाहेर होतं आणि गारठलेला माणूस हवाही जास्त संपवतो. हे खरं सुरक्षेचं कारण आहे आणि ते निःसंकोच सांगावं.

पहिली मोठी खरेदी कुठली म्हणून विचारलं तर मी डाइव्ह कॉम्प्युटर सांगतो, म्हणजे खोली आणि वेळ मोजून अजून किती वेळ खाली राहता येईल हे दाखवणारं यंत्र. प्रत्येक डाइव्हरच्या मनगटावर आपापला हवा. खोली आणि वेळ दोघांची कधीच अगदी सारखी नसते, गाइडच्या कॉम्प्युटरवर दुसऱ्याने भरवसा ठेवायचा नसतो. शिवाय आज घेतलेला कॉम्प्युटर पुढची कितीतरी वर्षं चालतो, बॅगेत जागा घेत नाही आणि प्रत्येक सहलीत एकच पडदा वाचायची सवय होते. पण हाही जो वर्षातून दोन-चार दिवस तरी डाइव्ह करणार आहे त्यालाच. एकदाच अनुभव घ्यायचा म्हणून कोर्स केलेल्याला भाड्याचा पुरे.

रेग्युलेटर आणि बीसीडीबद्दल (बीसीडी म्हणजे हवा भरून-सोडून पाण्यातलं तरंगणं सावरायचं, अंगात घालायचं साहित्य) मात्र मी आग्रहाने सांगतो: कोर्सच्या दिवसांत विकू नका. दोन कारणं आहेत. पहिलं, विद्यार्थ्याला अजून स्वतःची पसंती कळलेली नसते. सुरुवातीला तो गरजेपेक्षा जास्त शिशाची वजनं कमरेला बांधून फिरत असतो, बॉयन्सी सावरण्यात बीसीडी सारखी फुगवत-सोडत असतो. थोडे डाइव्ह झाले, श्वास लयीत आला, की वजन उतरतं आणि मग कुणाला जॅकेट आवडतं, कुणाला पाठीवर हवेची पिशवी असलेली. पहिल्या आठवड्यात घेतलेली बीसीडी वर्षभरात नकोशी झालेली मी पुष्कळ बघितली आहे.

दुसरं कारण घरातल्या कपाटाचं. रेग्युलेटर वापरला नाही तरी म्हातारा होतो. बहुतेक कंपन्या वर्षातून एकदा किंवा ठरावीक डाइव्हनंतर तपासणी सांगतात. आपल्याकडे माणूस मार्चमध्ये अंदमानहून येतो, नळाखाली धुतल्यासारखं करतो, ओलाच बॅगेत भरतो आणि ती बॅग माळ्यावर टाकतो. पावसाळा जातो. पुढच्या हिवाळ्यात उघडली तर फर्स्ट स्टेजच्या (रेग्युलेटरचा सिलिंडरवर बसणारा भाग) गाळणीवर हिरवट डाग, आत मिठाचे खडे, माउथपीसवर बुरशी. असा 'स्वतःचा' रेग्युलेटर घेऊन तो बोटीवर येतो आणि त्याला वाटतं आपण भाड्याच्यापेक्षा सुरक्षित आहोत. रोज पाण्यात जाणारा, रोज धुतला जाणारा आणि चांगल्या शॉपच्या वेळापत्रकाने सर्व्हिस होणारा भाड्याचा रेग्युलेटर त्याच्यापेक्षा कितीतरी बरा असतो. त्यात फुल सेट लाखाच्या घरात जातो, आणि अंदमानातल्या बहुतेक शॉपमध्ये फन डाइव्हच्या, म्हणजे कोर्सशिवाय नुसत्या मौजेच्या डाइव्हच्या, पैशांतच साहित्य येतं. वर्षातून एक सहल करणाऱ्याला हा हिशोब कागदावर मांडून दाखवा. तो स्वतःच ठरवेल.

विक्रीची वेळ हाही एक मोठा मुद्दा आहे. चौथा डाइव्ह झालेला असतो. गालांवर मास्कचे वळ तसेच, केस खाऱ्या पाण्याने ताठ झालेले, हातात चहा, लॉगबुकात पाहिलेल्या माशांची नावं लिहिणं चाललेलं. पास झाल्याचं आत्ताच सांगितलंय. त्या टेबलावर कॅटलॉग ठेवला तर माणूस कशालाही हो म्हणतो. म्हणूनच अनेक शॉप नेमकं तेव्हाच तो ठेवतात. मी ठेवत नाही. मी म्हणतो, 'घरी जा, झोपा, पुढची सहल ठरवा आणि मग मला फोन करा. काय घ्यायचं, काय नाही, दोन्ही सांगेन.' फोन येतात. सगळ्यांचे नाही, पण जे येतात ते पक्के असतात, आणि ते मित्रांना घेऊन येतात.

काही गोष्टी मात्र कुठल्याही पगारावर करायच्या नाहीत. त्यातली सगळ्यात वाईट म्हणजे विद्यार्थ्याला मुद्दाम भाड्याचा गळका मास्क किंवा सैल फिन्स देणं, म्हणजे तो कंटाळून विकत घेईल. असं सुचवणारे लोक आहेत, आणि ते 'थोडा त्रास झाला की कळतं' अशा शब्दांत सुचवतात. हे पाण्याखाली माणसाला जाणूनबुजून घाबरवणं आहे. तसंच, भाड्याचं साहित्य धोक्याचं आहे असं विक्रीसाठी सांगायचं नाही. ते खरंच धोक्याचं असेल तर कुणालाच ते लावून पाण्यात न्यायचं नाही, आणि तसं मालकांना तिथल्या तिथे सांगायचं. आणि सर्टिफिकेट खरेदीवर अडवायचं नाही. कार्ड कशावर मिळतं हे एजन्सीच्या नियमांत स्पष्ट असतं: पोहणं, तरंगणं, मास्क काढून परत लावणं, हवा संपल्यावर जोडीदाराच्या रेग्युलेटरवर येणं, लेखी परीक्षा. त्यात पावती कुठेच नाही. साहित्य अंगावर असलं पाहिजे असं नियम म्हणतात, मालकीचं असलं पाहिजे असं नाही. एका सेवेसाठी दुसरी वस्तू घ्यायची सक्ती करणं २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही बसत नाही, आणि मोठ्या एजन्सी विद्यार्थ्यांकडून कोर्सबद्दल परस्पर विचारणा करतात, हेही मालकांना माहीत असतंच.

आता मालकांशी काय बोलायचं. 'मी विकणार नाही' असं जाऊन सांगू नका. त्यापेक्षा कोर्सच्या पैशांत मास्क धरायला सांगा. किंमत तेवढी वाढवा आणि जाहिरातीत स्पष्ट लिहा की मास्क तुमचा, चेहऱ्याला बघून दिलेला, कोर्सनंतर घरी न्या. आणि ज्याच्याकडे आधीच चांगला बसणारा मास्क आहे त्याला तेवढे पैसे कमी करा. कुणावर सक्ती नाही, आणि शेजारच्या स्वस्त कोर्सपेक्षा आपण वेगळे का हे सांगायला मुद्दा मिळतो. महिन्यातून एकदा पुलावर जुन्या विद्यार्थ्यांना बोलावून साहित्य लावून बघायला द्यायचं सुचवा. रेग्युलेटर-बीसीडी तिथे विकावेत, पाण्यात बसून बघितल्यावर. सर्व्हिसिंगचं काम तुम्ही शिका. पुण्यात आणि मुंबईत लोकांच्या माळ्यांवर पडलेले रेग्युलेटर कमी नाहीत, आणि नीट सर्व्हिस करणारे हात थोडे आहेत. त्यातून येणारं उत्पन्न एका वेळच्या कमिशनपेक्षा टिकाऊ असतं. आणि कमिशन ठेवायचंच असेल तर चालू बॅचच्या विद्यार्थ्यावर नको, कोर्स संपल्यावर महिन्याने झालेल्या विक्रीवर असू दे. या एका अटीने तुमच्या पुलावरच्या शब्दाला पैसा चिकटत नाही.

ते ऐकतील का, हे त्या माणसावर आहे. काही मालक ऐकतात, कारण त्यांनाही तक्रारी नको असतात. नोकरी सोडायची का, याचं उत्तर मी असं देईन: कमिशन कमी पडलं म्हणून पगारावर कुरकुर होते एवढंच असेल तर एक सीझन थांबा, बोलत राहा, सर्व्हिसिंग शिकून घ्या. पण गळका मास्क द्यायला, खोटी भीती घालायला किंवा कार्ड अडवायला सांगितलं तर त्या बॅचचे विद्यार्थी सुखरूप पूर्ण करून द्या आणि बाहेर पडा. ऑक्टोबरच्या तोंडावर अंदमानात इन्स्ट्रक्टर लागतातच. मराठी, हिंदी आणि इंग्रजीत नीट शिकवू शकणाऱ्याला तिथे मागणी आहे. नव्या ठिकाणी बोलणी करताना पगारात विक्रीचा वाटा किती आणि कशावर, हे पहिल्याच फोनवर विचारा. ज्यांना हा प्रश्न खटकतो तिथे जाऊ नका.

राहिले तुमच्या बॅचमधले दोघं. त्या ताईंना मास्क द्या, त्यांच्या चष्म्याचा नंबर विचारा, बाकी काही नको. अंदमानला जाऊन आल्या आणि पुढच्या वर्षीचं तिकीट काढलं, की मग कॉम्प्युटर दाखवा.

जर्मनीला जाणाऱ्या मुलाला तर इथून फुल सेट विकणं हे त्याचं सरळ नुकसान आहे. तिथले लोक बरेचदा तलावांत उतरतात, आणि खाली पाणी दहा अंशांच्या खाली जातं. तीन मिलिमीटरचा सूट तिथे कामाचा नाही. जाड सूट किंवा ड्राय सूट (आत पाणी न शिरू देणारा) लागतो, आणि त्याप्रमाणे वजन आणि बीसीडीचा आकार सगळं बदलतं. इतक्या गार पाण्यात साधा रेग्युलेटर गोठून हवा सोडत सुटू शकतो, म्हणून थंड पाण्यासाठी बनवलेली फर्स्ट स्टेज हवी, आणि एका सिलिंडरवर दोन फर्स्ट स्टेज लावायची पद्धतही तिथे रूढ आहे. रेग्युलेटरची सिलिंडरशी जोडणी आपल्याकडे बहुतेक योकची, म्हणजे वरून चिमट्यासारखी आवळायची, तिथे स्क्रूने बसणारी डीआयएन. त्याला मास्क द्या आणि सांगा की तिकडे एखाद्या क्लबात नाव घाल, पहिला हिवाळा त्यांचं साहित्य वापर, थंड पाण्याचं आणि ड्राय सूटचं प्रशिक्षण घे आणि मग तिथेच खरेदी कर. हे सगळं मालकांसमोरच सांगा, म्हणजे मागून बोललात असं व्हायला नको. सेट गेला नाही म्हणून ते नाराज होतील. त्यांना म्हणा की हा मुलगा सुट्टीत घरी येईल तेव्हा पुढचा अॅडव्हान्स्ड कोर्स करायला आपल्याकडेच येईल, आणि त्याचा नंबर तुमच्याकडे जपून ठेवा.